तीन साते

वसुबारसेला संध्याकाळी सहा वाजता आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं प्रकाशन होतं. सभागृहात छापील अंक आणि त्याच वेळी वेबसाइटवर सगळी पानं खुली. वेबसाइट सांभाळणारी मी.

सकाळी १०.१०
लॅपटॉपवरचं अंकाचं अख्खं फोल्डर आरसिंक या कमांडने सर्व्हरवर चढवलं. आतल्या ‘चित्रे’ फोल्डरमध्ये वर्गणीदारांची यादीही होती, नाव, पत्ता, मोबाइल नंबर अशी. पाकिटांवरचे पत्ते छापताना तिथे ठेवलेली, हलवायची राहून गेलेली. माझ्या लॅपटॉपवर नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा युमास्क ०७७ आहे, म्हणून नवी फाइल ६०० आणि नवं फोल्डर ७०० होतं. मालकाशिवाय कुणालाच प्रवेश नाही. आरसिंकने त्या परवानग्या जशाच्या तशा पलीकडे नेल्या.

दुपारी १२.३०
पान उघडलं तर ४०३. फाइल सापडली नाही तर ४०४ येतो. ४०३ म्हणजे सर्व्हर नकार देतोय. पानं दाखवणारा वेब सर्व्हर, अपाची, माझ्या नावाने चालत नाही. त्याचा वापरकर्ता वेगळा, त्यामुळे माझ्या फाइलींच्या लेखी तो ‘इतरां’पैकी एक. वाटेतल्या एका फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी नाही, असं एरर लॉगमध्ये तेव्हाच लिहिलेलं होतं. मी लॉग उघडला नाही.

दुपारी १.४५
वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, यांची बेरीज करून मालक, गट आणि इतर असे तीन आकडे बनतात. पानांना ६४४ लागतं हे पाठ होतं, म्हणून फोल्डरसकट सगळ्यालाच ६४४ दिलं. पण फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे उंबरठा ओलांडायची मुभा असते. सगळ्यात आधी वरच्या फोल्डरचाच १ गेला आणि कमांडला आत शिरताच येईना. काही क्षणांपूर्वीपर्यंत मला उघडत असलेलं फोल्डर आता मलाही उघडेना.

खरं तर फोल्डरला ७५५, फाइलीला ६४४ आणि यादी तिथून बाहेर, एवढंच हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

दुपारी ४.००
दोन तास शोधाशोध करून हात थरथरायला लागले होते. होम डिरेक्टरीतच उभी राहून मी आतल्या सगळ्याला ७७७ देऊन टाकलं. कुणीही वाचा, कुणीही लिहा. मुखपृष्ठ लगेच झळकलं. सर्व्हरमधून बाहेर पडले आणि साडी नेसायला घरी गेले.

संध्याकाळी ६.००
समई लागली. लोकांनी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर कविता उघडल्या. परदेशातल्या दोन लेखकांचे आनंदाचे संदेश आले. ती पंचवीस मिनिटं फार सुंदर गेली.

६.२५
आमच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन. “अगं, माझा पत्ता आणि नंबर तुमच्या साइटवर कसा दिसतोय? माझ्या भाच्याने आत्ता पुण्याहून कळवलं. मी एकटी राहते गं.”

भाच्याने एका चित्राच्या वेब-पत्त्याचा शेवटचा तुकडा खोडून पाहिला होता. ‘चित्रे’मध्ये इंडेक्स पान नव्हतं, म्हणून अपाचीने फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं समोर मांडली. दुपारपर्यंत या बाईंना ६०० नेच झाकलं होतं. ते पांघरूण मी स्वतः काढलं होतं.

६.३०
मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला. सर्व्हर मला आत घेईना. दारावरची एसएसएच सेवा प्रवेशाच्या किल्लीची फाइल तपासते आणि ती इतरांना लिहिण्याजोगी दिसली की त्या किल्लीवर विश्वास ठेवत नाही. होम डिरेक्टरीत दिलेलं ७७७ किल्लीपर्यंत पोचलं होतं. पासवर्डने प्रवेश मीच पूर्वी बंद केलेला. उरला तो भाड्याच्या सर्व्हरचा कन्सोल आणि त्याचं खातं खजिनदारकाकांकडे. काका व्यासपीठावर होते, फोन सायलेंटवर. आधी चिठ्ठी पाठवायला हवी होती. मी फोनच करत राहिले.

८.०५
आभारप्रदर्शन संपलं, काका खाली उतरले. कन्सोलमधून शिरून पहिल्यांदा यादी पुसली. मग किल्लीचं फोल्डर ७००, किल्लीची फाइल ६००, आणि त्यानंतर अंकाच्या परवानग्या.

८.४०
अॅक्सेस लॉग वाचला. यादी नऊ वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवून घेतली गेली होती. एक भाच्याचं धरलं, तरी आठ उरतात.

सभागृहात खुर्च्या उचलत होते. यादीची माझ्याकडची प्रत छापून घेतली आणि पहिल्या नावाला फोन लावला.