पुस्तकांचे कडी-कोयंडे

मंडळी, दाराला कडी-कोयंडा असतो, ट्रंकेला असतो, हे आपण लहानपणापासून बघत आलो. पण पुस्तकाला? युरोपात कित्येक शतकं पुस्तकांना पितळेच्या कड्या असत आणि त्या घडवून पोट भरणारे कारागीरही असत. तो धंदा आता बुडाला. त्याच्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

पुस्तकाला कडी लागायचीच कशाला? वर्गात हा प्रश्न विचारला असता तर निम्मी मुलं म्हणाली असती, "चोरी होऊ नये म्हणून, सर!" पण कारण दडलंय ते पानात. युरोपात कागद रुळण्याआधी ग्रंथ चर्मपत्रावर लिहीत. वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडून काढायचे आणि चौकटीवर ताणून वाळवायचं. पान सुरेख होई, पण कातडं ते कातडंच! हवा दमट झाली की ते फुगायचं, त्याला सुरकुत्या पडायच्या, कडा वळायच्या. पावसात भिजून वाळलेली चप्पल कशी वाकडी होते, तसंच. अशी दोनशे-तीनशे पानं एकदम फुगली की ग्रंथ आपोआप तोंड वासायचा. म्हणून वर-खाली लाकडी फळ्या बसवत, आणि त्या फळ्या घट्ट दाबून धरायला कड्या. सोय आधी, शोभा नंतर!

रचना साधीच होती. एका फळीला चामड्याचा पट्टा ठोकायचा, त्याच्या टोकाला पितळी आकडा, आणि समोरच्या फळीवर तो अडकवायला कोयंडा. पट्ट्यांची दिशाही ठरलेली असे. जर्मनीत पट्टा मागच्या फळीवरून पुढे येई, तर इंग्लंड-फ्रान्समध्ये पुढच्या फळीवरून मागे जाई. त्यामुळे आज कडी तुटून नुसती खिळ्यांची भोकं उरली असली, तरी ग्रंथ कुठे बांधला गेला असावा याचा अंदाज जाणकार बांधतात. आहे की नाही गंमत!

कड्यांबरोबर इतर साजही असे. ग्रंथ उतरत्या मेजावर आडवा ठेवत. त्याचं चामडं घासू नये म्हणून फळ्यांवर वाड्याच्या दरवाज्यावर असतात तशा फुगीर पितळी गुंड्या ठोकत, कोपऱ्यांना पत्रे मारत. चोरीची काळजी असे, तिथे वेगळी साखळी. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये १६११ सालचं साखळ्यांचं ग्रंथालय आजही बघायला मिळतं. साखळी पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला अडकवलेली, म्हणून तिथली पुस्तकं कणा आत आणि पानं बाहेर अशी उलटी उभी असतात.

हे काम करणाऱ्याला जर्मनीत 'क्लाउझूरमाखर' म्हणत, म्हणजे कड्या करणारा. न्यूरेंबर्ग हे पितळकामाचं मोठं गाव, आपल्या पुण्याच्या तांबट आळीसारखं म्हणा ना. पितळेचा पत्रा कापायचा, कानशीने घासायचा, त्यावर नक्षी कोरायची आणि आकडा अचूक वाकवायचा. आकडा सैल राहिला तर कडी सुटणार, फार घट्ट झाला तर वाचणारा वैतागणार! पंधराव्या शतकातल्या काही कड्यांवर 'आवे मारिया' अशी अक्षरंही दिसतात. १५६८ साली योस्ट आमान याची चित्रं आणि हान्स साक्स याच्या कविता असलेलं, निरनिराळ्या धंद्यांची ओळख करून देणारं एक पुस्तक निघालं. त्यातल्या बुकबाइंडरच्या कवितेतही या कड्यांचा उल्लेख आहे.

पण तोवर काळ पालटू लागला होता. पंधराव्या शतकाच्या मध्यावर गुटेनबर्गचा छापखाना आला आणि कागदाची पुस्तकं वाढली. कागद कातड्यासारखा फुगत नाही. लाकडी फळीच्या जागी हलका पुठ्ठा आला. पुस्तकं लहान झाली आणि कपाटात एकमेकांना खेटून उभी राहू लागली. तिथे फुगीर गुंड्या शेजारच्या पुस्तकाला ओरखडे काढणार! मग आधी गुंड्या गेल्या, मग कड्या. बायबल आणि प्रार्थनेच्या पुस्तकांनी त्या बराच काळ टिकवल्या. नेदरलँड्समध्ये तर सतराव्या-अठराव्या शतकात चांदीच्या कड्यांची हौस होती. एकोणिसाव्या शतकात फोटोंच्या अल्बमला कड्या आल्या, पण त्या यंत्रावर ठोकलेल्या. हातकामाचे दिवस संपले होते.

मला यातली एक गोष्ट लागून राहते. त्या कारागिराचं काहीच चुकलं नव्हतं. त्याचा हात बिघडला नव्हता, मालही वाईट नव्हता. बदललं ते पान, आणि ते काही त्याच्या हातात नव्हतं. आपल्याकडच्या कल्हईवाल्याचं तेच झालं की! घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि नवसागराचा तो वास गल्लीतून नाहीसा झाला. त्याला कोणी "येऊ नकोस" म्हटलं नाही. फक्त कोणी बोलावलं नाही.

आपल्या पोथ्यांना कडी कधी लागली नाही. सुटी पानं, वर-खाली फळी आणि भोवती बासन. बांधीव छापील पुस्तकं आली आणि बासनही घरातून गेलं, पण भाषेत राहिलं. अजूनही आपण एखादी योजना 'बासनात गुंडाळतो'. जर्मन भाषेत पुस्तक उघडण्याला 'आउफश्लागेन' म्हणतात. त्यातल्या 'श्लागेन'चा अर्थ मारणे. फळीवर थाप मारली की कडी सुटायची, त्यावरून हा शब्द आला असं तिकडे सांगतात. खरंखोटं भाषापंडित जाणोत!

इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले, ग्रंथसंग्रह उधळले गेले. तिथल्या मातीत आजही बोटभर लांबीच्या पितळी कड्या सापडतात. पानं गेली, फळ्या कुजल्या, कडी तेवढी राहिली. लेखकाचं नाव आपण पाठ करतो, छापणाऱ्याचंही कधीकधी सांगतो. कडी घडवणाऱ्याचं नाव सहसा कुणी लिहून ठेवलं नाही. त्याचं काम मात्र राहिलं.

असो. तुमच्या घरी जुनं बासन, पोथीची फळी किंवा कडीचा अल्बम असेल तर जरूर कळवा. आणि ते कोणी केलं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा.