नवटाक

पारनेरच्या बाजारात आज एखाद्या दुकानातल्या पोऱ्याला म्हणून बघा, ‘नवटाक गोडेतेल दे.’ तो आधी तुमच्याकडे बघेल, मग मालकाकडे. त्यातून मालक वयस्क असला तर गालातल्या गालात हसेल. कारण या बिचाऱ्या शब्दाचं उतारवय वाईट संगतीत गेलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर चोरट्या गुत्त्यांवर याच नावाचं माप चाले. ‘नवटाक मारली’ म्हटलं की काय मारली हे विचारावं लागत नसे. मूळचा मात्र हा शब्द वाण्याच्या तागडीतला, अगदी सोवळ्यातला.

नवटाक म्हणजे नऊ टांक. टांक हा संस्कृत ‘टंका’चा वंशज. टंक म्हणजे चार मासे वजन, आणि नाणंसुद्धा. नाणी पाडायची ती टांकसाळ. टकाही याच घराण्यातला. बांगलादेशात तर तो अजून गादीवर आहे! जुन्या मुंबई वजनात बहात्तर टांकांचा एक शेर. त्याचा पावशेर अठरा टांकांचा, आणि पावशेराचं निम्मं नऊ टांक. हिशेब कसा चोख!

पुढे ऐंशी तोळ्यांचा शेर आला. १९३९ च्या कायद्यानं तोच देशभर प्रमाण ठरवला. त्याचा आठवा हिस्सा दहा तोळे, म्हणजे सुमारे ११७ ग्रॅम. टांक व्यवहारातून गेला, पण लोक आपले नवटाकच म्हणत राहिले. नावात नऊ, पारड्यात दहा, आणि तक्रार कुणाचीच नाही.

१ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. शेर गेला, त्याच्यामागोमाग अच्छेर आणि छटाकही गेले. पावशेर तेवढा धोरणी. ‘पाव किलो’ होऊन त्यानं नोकरी टिकवली. नवटाकीला ते साधलं नाही. ‘सव्वाशे ग्रॅम’ म्हणताना जीभ सरकारी कचेरीत गेल्यासारखी अवघडते.

आमचा तालुका पावसाच्या भरवशावरचा. इथे मजुरी संध्याकाळी हातात पडायची आणि तेलमीठ त्यानंतर घरात यायचं. अशा बाईला ‘नवटाक द्या’ म्हणता येई, ‘थोडंसं द्या हो’ म्हणावं लागत नसे. ‘थोडंसं’ ही विनवणी झाली; ‘नवटाक’ ही ऑर्डर! लहान मापाला स्वतःचं नाव होतं, म्हणून लहान गिऱ्हाईकही ताठ मानेनं उभं राही.

गुत्त्याचा आसरासुद्धा आमच्याकडे फार दिवस राहिला नाही. १९७५ नंतर अण्णा हजाऱ्यांच्या पुढाकारानं याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं दारूच्या भट्ट्या बंद केल्या. फार चांगलं झालं. नवटाकीनंही कुरकुर केली नसती. तिलाही त्या संगतीचा वीटच आला असणार.

आता बाई म्हणते, ‘दहाचं तेल द्या.’ मागणं आजही ताठ मानेचंच, पण मापाच्या जागी रुपया येऊन बसला आहे. नवटाक महागली तरी नवटाकच भरायची. महागाई झाल्याचं गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे कळे आणि भांडायला तोंड फुटे. दहाचं तेल मात्र वर्षानुवर्षं दहाचंच असतं. बाटलीत ते दर खेपेला जरासं खाली उतरतं, इतकंच.