रात्रीच्या गाण्यांतलं घर

प्रेम आणि रात्र यांचं नातं कवितेला जुनंच. पण या रात्रीला शहराचा नेमका पत्ता मिळाला तो विसाव्या शतकात. जपानमध्ये 1957 साली फ्रँक नागाई या गायकाचं एक गाणं घरोघरी पोहोचलं. ‘युराकुचोला भेटू या’ असं त्याचं नाव. युराकुचो हे टोकियोतलं रेल्वे स्टेशन. त्याच वर्षी तिथे सोगो नावाचं मोठं दुकान उघडलं आणि त्याच्या जाहिरातीतलं वाक्यच गाण्याचं नाव झालं. युद्धात होरपळलेलं शहर पुन्हा उभं राहत होतं, प्रेमिकांना भेटायला जागा मिळत होती. अमेरिकी सैनिकांच्या क्लबांत गायलेल्या नागाईंचा खर्जातला आवाज त्या रात्रींना शोभून दिसला. या धाटणीच्या गाण्यांना तिथे ‘मूड कायो’ म्हणतात. सोगोचं ते दुकान 2000 साली बंद झालं. गाणं मात्र टिकलं.

आता मुंबईकडे वळू या. राज खोसलांचा ‘सोलवाँ साल’ 1958 चा. सगळी गोष्ट एका रात्रीत घडते. लोकलच्या डब्यात देव आनंद गातोय आणि त्याच डब्यात दुसऱ्याबरोबर पळून निघालेली वहिदा रेहमान बसली आहे. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचं, आवाज हेमंतकुमारांचा आणि माउथ ऑर्गन तरुण राहुलदेवचा. बदलापूरच्या माणसाला आज ते गाणं पाहताना पहिलं नवल वाटतं ते डब्यात बसायला जागा आहे याचं!

पुढच्या वीस वर्षांत ही जागाच हरवली. 1977 च्या ‘घरौंदा’त अमोल पालेकर आणि झरीना वहाब अर्धवट इमारतींतून आपलं घर शोधत गातात. बिल्डर फसवतो. मग नायकाच्याच सांगण्यावरून नायिका आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करते. ती भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. प्रेमाच्या आड इथे खलनायक येत नाही, चौरस फूट येतात. पुढच्याच वर्षी ‘गमन’ आला. त्यातला टॅक्सीवाला मुंबईत, बायको उत्तर प्रदेशातल्या गावी. मखदूम मोहिउद्दीन यांची रात्रभराच्या आठवणींची गझल छाया गांगुलींनी त्यात गायली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दोन्ही चित्रपटांचं संगीत जयदेव यांचं.

म्हणजे पाहा, 1958 मध्ये दोघं एका डब्यात होती. 1977 मध्ये एका शहरात, पण बेघर. आणि 1978 मध्ये तर एका शहरातही नव्हती. घरांचे भाव वाढत गेले तसं गाण्यातलं अंतरही वाढत गेलं. मुंबईच्या घरटंचाईचा इतिहास कागदपत्रांत आहे, तसाच या चालींतही आहे.

आमचं कात्रप हा त्या इतिहासाचा पुढचा अध्याय. मुंबईत घर न मिळालेली किती तरी जोडपी इथे आली. त्यांना घर मिळालं, पण संध्याकाळ गाडीनं नेली. रात्री उशिरा दोघं घरी पोहोचतात, तेव्हा बोलायलाही त्राण नसतं. पहाटे पुन्हा डबे, पुन्हा लोकल. घर असलेल्या या प्रेमिकांच्या रात्रीचं गाणं माझ्या तरी ऐकण्यात नाही. ते आता मराठीतच लिहिलं जायला हवं, कारण ही माणसं दिवसभराचा शीण एकमेकांना सांगतात तो मराठीतच.