माहूरच्या पेठेत, 1481

वैशाखाचं ऊन माहूरच्या डोंगरावर तापलंय. गडाखालच्या पेठेत तुम्ही सराफाच्या गादीला टेकून बसला आहात आणि त्याने चांदीचा एक टंका तुमच्या तळहातावर ठेवलाय. वजन साधारण 11 ग्रॅम, तोळ्याला जरा कमी. एका बाजूला बिरुदं, दुसऱ्या बाजूला तिसऱ्या मुहम्मदशाह बहमनीचं नाव. टांकसाळ आणि हिजरी साल काठाला असतं, ते शोधा. सापडत नाही ना? दोनशे किलोमीटरांहून दूर, बीदरच्या टांकसाळीत हातोडा पडला तेव्हा चकती ठशाहून लहान होती. साल बाहेरच राहिलं. पूर्ण साल उमटलेल्या नाण्यासाठी आपल्या काळातले संग्राहक कितीतरी जास्त मोजतात.

"पाव्हणं, डोळ्यानं काय बघता? कानानं बघा." सराफ टंका दगडावर टाकतो. खणखणीत. मग तराजू, मग कसोटी, आणि शेवटी तो काठाशी पोगराने बारीक खूण ठोकतो. तुमचा जीव कळवळतो. कळवळू देऊ नका. कोरं करकरीत नाणं मला कधीच तेवढं आवडलं नाही. ही खूण म्हणजे टंका बाजारात फिरल्याची, कुणीतरी त्याच्यावर भरवसा ठेवल्याची साक्ष आहे. तो भरवसा स्वस्तात आलेला नाही. इतिहासकार फरिश्ता लिहितो की पहिल्या मुहम्मदशाहाची नाणी सराफ वितळवत होते, आणि त्यापायी त्याने त्यांची कत्तल करवली.

दुपारी बीदरच्या वाटेने घोडेस्वार येतो. महमूद गावानला मारलं! बनावट पत्रावर विश्वास ठेवून 5 एप्रिलला खुद्द सुलतानाने वजिराचा शिरच्छेद करवला. याच गावानने चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, वऱ्हाडातून माहूर वेगळं काढलं, आणि तरफदाराच्या हाती एकेकच किल्ला ठेवला. इथला तरफदार खुदावंदखान हबशी आता सुलतानाजवळ निर्धास्त जाईल का? पेठेत कुणी मोठ्याने बोलत नाही. सराफ वेळेआधीच फळ्या लावतो.

रात्री त्याच्या मागोमाग परसात जा. रोजच्या खर्चाला तांब्याची नाणी घरात राहिली आहेत; चांदी मात्र गाडग्यात, तोंडाला थाळी, वर मातीचं लिंपण. खड्डा कंबरेइतका. पुढच्याच वर्षी सुलतानही जाईल, राज्य फुटेल, चांदीचा टंका दुर्मीळ होत जाईल. अहमदनगरच्या निजामशाहीची ओळखीची नाणीही तांब्याचीच.

आता तुमच्या काळात या. नांगराला गाडगं लागलंय. 1878चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. बहुतेकदा तसं घडत नाही. नाणी वाटली जातात, चिंच आणि राखेने घासली जातात, एकेक करून विकली जातात. मग कुठला टंका कुठल्यासोबत पुरला होता, सगळ्यात नवा कुठला, म्हणजे गाडगं कधी पुरलं, हे कुणालाच सांगता येत नाही. वैशाखातली ती भीती नाण्यांवर कोरलेली नव्हती. ती त्यांच्या एकत्र असण्यात होती.

चकचकीत टंका पुढे करणाऱ्याला भावाआधी शिवार विचारा. तो हसून विषय बदलेल, तर उठा.