मृतांची नोंदवही : ग्वाटेमालाच्या ख्रिस्तसभेची साक्ष

दररोज सकाळी वर्तमानपत्र उघडले की जगात कोठेतरी निरपराध माणसे मारली गेल्याचे वृत्त वाचावयास मिळते. गेल्या काही वर्षांत युक्रेन, गाझा, सुदान, म्यानमार ही नावे आपल्या इतकी परिचयाची झाली आहेत की, रविवारच्या प्रार्थनेत ती उच्चारताना आपला स्वरही बदलत नाही. मृतांचा आकडा येतो, दुसऱ्या दिवशी तो वाढतो आणि तिसऱ्या दिवशी त्याची जागा दुसऱ्या देशाचा आकडा घेतो. एवढ्या प्रचंड संख्येपुढे एखाद्या लहान वस्तीत सेवा करणाऱ्या धर्मगुरूने वा धर्मशिक्षकाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेतून देण्यापेक्षा एका देशाच्या अलीकडच्या इतिहासातून द्यावे, असे आम्हांस वाटते. कारण तेथे हे उत्तर ज्यांनी आपल्या कृतीने दिले, त्यांत धर्मशिक्षकांचा वाटा फार मोठा होता.

तो देश म्हणजे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला. मेक्सिकोच्या दक्षिणेस असलेल्या या डोंगराळ देशात माया वंशाचे लोक पूर्वापार राहत आले आहेत. त्यांच्या भाषा वीसहून अधिक आहेत; परंतु कचेरीची व न्यायालयाची भाषा मात्र स्पॅनिश. चांगली जमीन मूठभर मळेवाल्यांच्या हाती होती. १९५२ साली राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने पडीक जमीन भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. त्याची झळ युनायटेड फ्रूट या बलाढ्य अमेरिकन कंपनीला लागली, आणि १९५४ साली अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेच्या साहाय्याने ते सरकार उलथून पाडण्यात आले. सुधारणेचा सनदशीर मार्ग बंद झाल्यावर १९६० पासून सशस्त्र बंडाळीस आरंभ झाला. पुढील छत्तीस वर्षे चाललेल्या या संघर्षात दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा नाहीशी झाली, असा पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली झालेल्या चौकशीचा अंदाज आहे.

या काळात सर्वांत अधिक होरपळला तो देशाच्या वायव्येकडील किचे प्रांत. तेथील धर्मशिक्षक केवळ प्रश्नोत्तरे पाठ करवून घेणारे नव्हते. ते लोकांना वाचावयास शिकवीत, सहकारी संस्था काढीत, खताची व बियाण्याची व्यवस्था पाहत. आपल्या हक्कांविषयी चार माणसांत बोलण्याचे धैर्य शेतकऱ्यांना त्यांच्याकडूनच आले. लष्कराच्या दृष्टीने हाच त्यांचा अपराध ठरला. ज्याच्या घरी शुभवर्तमानाचे पुस्तक सापडे, तो बंडखोरांचा हस्तक, असे समजण्याइतकी मजल पुढे गेली.

१९७४ साली हुआन हेरार्डी हे किचेचे बिशप झाले. धर्मशिक्षक नाहीसे होऊ लागले तेव्हा त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, निषेध नोंदविले, परंतु व्यर्थ. ४ जून १९८० रोजी फादर होसे मारिया ग्रान यांची, आणि १० जुलै रोजी फादर फाउस्तिनो व्हियानुएवा यांची हत्या झाली. त्याच महिन्यात खुद्द बिशपांना मारण्यासाठी वाटेत सापळा लावण्यात आला होता. लोकांनी वेळीच सावध केल्यामुळे ते बचावले. तेव्हा त्यांनी आपले धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्याशी विचारविनिमय करून सर्वांना धर्मप्रांताबाहेर नेण्याचा निर्णय घेतला. एका बिशपाने आपला धर्मप्रांत अशा रीतीने बंद करावा, ही घटना विरळाच म्हणावी लागेल. त्यानंतर हेरार्डी रोमला गेले. तेथून परतताना त्यांना स्वदेशात पाऊल ठेवू देण्यात आले नाही, आणि १९८२ पर्यंत त्यांना कोस्टारिकात राहावे लागले.

हा निर्णय योग्य होता काय? आम्ही येथे न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. मेंढपाळ राहिला असता तर कदाचित मारला गेला असता आणि त्याच्याबरोबर आणखीही काहीजण. तथापि मेंढपाळ गेल्यावर कळप तेथेच राहिला, हेही सत्य आहे. धर्मशिक्षक कोठे जाणार? त्यांची घरे, मक्याची शेते आणि मुलेबाळे तेथेच होती. त्यांनी लपूनछपून प्रार्थनासभा चालू ठेवल्या. काहींनी दूरच्या धर्मप्रांतातून पवित्र साक्रामेंत मक्याच्या भाकरींत लपवून आणले. यांपैकी कित्येक मारले गेले. २३ एप्रिल २०२१ रोजी किचेच्या दहा हुतात्म्यांना ख्रिस्तसभेने धन्य म्हणून घोषित केले. त्यांत तीन धर्मगुरू आहेत आणि सात प्रापंचिक. त्या सातांत बारा वर्षांचा एक मुलगाही आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. मार्च १९८२ मध्ये जनरल एफ्राइन रिओस माँट यांनी सत्ता हस्तगत केली. हे गृहस्थ स्वतःला कडवे ख्रिस्ती म्हणवीत आणि दर रविवारी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला नीतीचा उपदेश करीत. त्यांच्या सतरा महिन्यांच्या राजवटीत डोंगराळ भागातील खेडीच्या खेडी बेचिराख झाली. गावोगावच्या पुरुषांना सक्तीने पहारा पथकांत भरती करून शेजाऱ्याकडून शेजाऱ्याची हत्या करविण्यात आली. मारणारेही क्रूसाची खूण करणारे आणि मरणारेही तेच, असे दृश्य या देशाने पाहिले. कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला मान खाली घालावयास लावणारी ही गोष्ट आहे.

१९९४ साली सरकार व बंडखोर यांच्यात जो करार झाला, त्यात भूतकाळाची चौकशी करणारा आयोग नेमण्याचे ठरले. परंतु या आयोगाने कोणाही व्यक्तीवर दोषारोप करू नये आणि त्याच्या निष्कर्षांना न्यायालयीन परिणाम असू नये, अशी अट त्यात होती. दरम्यान हेरार्डी राजधानीत सहायक बिशप झाले होते व तेथील आर्चडायोसिसच्या मानवी हक्क कार्यालयाची धुरा त्यांच्याकडे होती. आयोगाच्या मर्यादा ओळखून ख्रिस्तसभेने स्वतःच ऐतिहासिक स्मृती जतन करण्याचे कार्य हाती घ्यावे, अशी योजना त्यांनी मांडली व बहुतेक धर्मप्रांतांनी ती स्वीकारली.

या कार्यासाठी सुमारे सहाशे माणसे निवडण्यात आली. ती विद्यापीठातील पंडित नव्हती. त्यांत बहुसंख्य खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षक व सेवाभावी स्त्रीपुरुष होते. त्यांना समेटाचे कार्यकर्ते म्हणत. ध्वनिमुद्रक घेऊन ते पायी डोंगर चढून जात आणि साधे प्रश्न विचारीत : काय घडले? केव्हा? कोठे? कोणी केले? त्याचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला? तुम्ही त्यास कसे तोंड दिले? अशा सुमारे साडेसहा हजार साक्षी गोळा झाल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक माया भाषांत दिल्या गेल्या. ज्या प्रदेशात घराची भाषा एक व कचेरीची दुसरी असते, तेथे राहणाऱ्या आमच्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परक्या भाषेत मनुष्य अर्ज करू शकतो. परंतु आपल्या लेकराचे मरण तो मातृभाषेतच सांगू शकतो. कित्येक विधवांनी आपली कहाणी त्या दिवशी प्रथमच कोणापुढे उच्चारली. साक्ष देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवण्यात आली. मृतांची नावे मात्र लिहिली गेली.

या साक्षींतून पन्नास हजारांहून अधिक पीडितांची नोंद झाली. दहांपैकी सुमारे नऊ अत्याचारांची जबाबदारी लष्कर व त्याच्या आश्रयाखालील पथके यांच्यावर येत होती. परंतु बंडखोरांनी केलेल्या हत्याही या अहवालाने लपविल्या नाहीत. आणि ज्यांच्या हातून पाप घडले होते अशा काहींनी स्वतः येऊन दिलेल्या कबुल्याही त्यात नोंदविल्या गेल्या. सत्याची बाजू घेणाऱ्याने आपल्या सोयीचे तेवढेच सत्य निवडावयाचे नसते, हा या कार्याचा पहिला धडा होय.

२४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये हा चार खंडांचा अहवाल बिशप हेरार्डी यांनी राष्ट्राला सादर केला. ‘ग्वाटेमाला : पुन्हा कधीही नाही’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. सत्याच्या शोधात धोका आहे, याची जाणीव त्यांच्या त्या दिवशीच्या भाषणातही होती. दोनच दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, सान सेबास्तियान धर्मग्रामातील निवासस्थानी मोटार ठेवण्याच्या जागेत काँक्रीटच्या तुकड्याने डोके ठेचून त्यांची हत्या करण्यात आली. ते पंचाहत्तर वर्षांचे होते. २००१ साली या प्रकरणी एक निवृत्त कर्नल, त्यांचा कॅप्टन असलेला मुलगा व एक सार्जंट यांना शिक्षा झाली. आणि त्याच घरात राहणाऱ्या एका धर्मगुरूलाही सहभागाबद्दल दोषी ठरविण्यात आले. हेही आम्ही लिहीत आहोत, कारण आपल्या घरातील लाज वगळून केलेली नोंद खरी नोंद होत नाही.

मग या साऱ्याचा उपयोग काय झाला? फेब्रुवारी १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने आपला अहवाल दिला. ख्रिस्तसभेने जे म्हटले होते त्यास त्याने पुष्टी दिलीच, शिवाय माया जमातींविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये घडल्याचा निष्कर्षही काढला. १० मे २०१३ रोजी रिओस माँट यांना इशिल जमातीच्या वंशसंहाराबद्दल देशातील न्यायालयाने दोषी ठरविले. दहाच दिवसांत तो निकाल घटना न्यायालयाने रद्द केला आणि फेरखटला पुरा होण्यापूर्वीच २०१८ साली त्यांचे निधन झाले. तथापि २०१६ साली सेपुर सार्को येथील केकची स्त्रियांवर लष्करी ठाण्यात झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल दोघांना शिक्षा झाली. त्या वृद्ध स्त्रियांनी न्यायासाठी तीन दशकांहून अधिक काळ वाट पाहिली होती. नोंद केली म्हणजे न्याय मिळतोच असे नाही. परंतु नोंदच नसेल तर न्यायाला उभे राहावयास जागाच उरत नाही.

कोणी म्हणेल, हे राजकारण झाले. धर्मसेवकाने यात पडू नये, क्षमा करावी व विसरावे. परंतु हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे दाद मागते, ही गोष्ट आपण बालवर्गातच शिकवितो. काइनाला देवाने प्रथम त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला. क्षमेचा विषय त्यानंतरचा. काय घडले हेच मान्य नसेल तर क्षमा कशाची करावयाची? आणि दर रविवारी श्रद्धेचा अंगीकार करताना आपण एका रोमन अधिकाऱ्याचे नाव घेतोच. प्रभूचे दुःखसहन कोणाच्या अमलाखाली झाले, हे ख्रिस्तसभेने दोन हजार वर्षे विसरू दिलेले नाही. तरीही पिलाताचा द्वेष करावयास ती कधी शिकवीत नाही.

नावे लिहून ठेवणे हे आपल्याला नवीन नाही. प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्म्याची, विवाहाची व मृत्यूची नोंदवही असते, आणि दूरच्या वस्त्यांत ती माहिती धर्मशिक्षकच आणून देतात. ज्यांना ना शवपेटी मिळाली, ना कबर, ना प्रार्थना, त्यांच्यासाठी उघडलेली मृत्यूची नोंदवही म्हणजेच ग्वाटेमालाचा तो अहवाल होय.

आपल्या परिसरातही दंगल होते, दुर्बलांची घरे जाळली जातात, कोणी कोठडीत मरतो. तेथे वार्ताहर येतात व जातात. धर्मशिक्षक मात्र तेथेच राहतो. त्याने त्या घरी जावे, बसावे, ऐकावे. नाव, वय, गाव, दिवस आणि पाहणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावे. अतिशयोक्ती करू नये, ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून लिहू नये, बोलणाऱ्याला धोका होईल असे काही उघड करू नये. मृत मनुष्य आपल्या मंडळीतला आहे की नाही, हे तर मुळीच पाहू नये. आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेत आकडा न सांगता निदान एक नाव घ्यावे. एवढे करणे कोणत्याही लहान वस्तीतील सेवकाच्या आवाक्यातले आहे, आणि तेथूनच आरंभ करावा अशी आमची विनंती आहे.