आजींचा प्रश्न आणि यिर्मयाचे खरेदीखत



इंदरगंजात राहणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एका आजींनी उपासनेनंतर आम्हाला थांबवले. "बाबांनी मृत्युपत्र केलं होतं म्हणतात. ते कुठं मिळेल?" आजींना आता जमीनजुमला नको आहे. त्या कागदात भावांबरोबर बहिणींची नावे होती का, एवढेच त्यांना पाहायचे आहे.

सलाफहादाच्या मुली आठवल्या. वडिलांच्या वतनात वाटा मागणाऱ्या त्या पाचही बहिणींची नावे गणनाच्या पुस्तकात लिहिलेली आहेत.

आम्ही आधी विचारले, बाबा कोणत्या साली गेले? ग्वाल्हेरात हे वर्ष फार महत्त्वाचे. शिंद्यांच्या संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप चालत नसत. १९४८ साली मध्य भारत राज्य झाले आणि १ एप्रिल १९५१ पासून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा इथे लागू झाला. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुली सर्वांना सारखे, असे तो सांगतो. त्रावणकोर-कोचीनलाही तो त्याच दिवशी लागू झाला होता. पण तिथल्या बहिणींना हे ऐकायला १९८६ पर्यंत, मेरी रॉय यांच्या खटल्याच्या निकालापर्यंत, थांबावे लागले.

आजींचे बाबा १९५१ नंतर गेले. त्या काळी ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावरून कोर्टात हक्क सांगायचा तर प्रोबेट लागे. ही अट २००२ साली गेली. म्हणून जिल्हा न्यायालयाच्या जुन्या दप्तरात प्रोबेटची फाइल शोधायची. भावंडांत वाद झालाच नसेल तर ती नसेलही.

दुसरी जागा नोंदणी कार्यालय. तिथे मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरवतात. करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही. काही जण मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवतात; त्याची नोंद पुस्तक क्रमांक ५ मध्ये होते आणि लिफाफा अग्निरोधक पेटीत जातो. नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे तिथे काही नाही मिळाले म्हणून मृत्युपत्र झालेच नव्हते असे समजू नये.

ही पेटी ऐकून आम्हाला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय आठवला. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा, संदेष्टा पहाऱ्यात, आणि तो चुलतभाऊ हनामेल याचे अनाथोथातले शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो! साक्षीदारांच्या सह्या होतात. मग एक मोहोरबंद आणि एक उघडे, अशी दोन्ही खरेदीखते बारूखाने मातीच्या पात्रात ठेवायची, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. पुढे ते पात्र कोणी उघडले, शास्त्र सांगत नाही.

बाबांच्या दफनाची तारीख आम्ही चर्चच्या रजिस्टरातून काढली. आजींनी त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव आणि घरचे नाव, दोन्ही लिहून दिली आहेत. सूचीत कोणत्या नावाने असतील कोण जाणे. सोमवारी अर्ज घेऊन आम्ही जात आहोत. आजीही येतो म्हणाल्या आहेत.