खांदेरीचा काळोख आणि जहाजांचे दिवे

तुळजापुरात ‘पोत’ म्हटले की आराध्याच्या हातातील तेलाने भिजलेली जळती दिवटी डोळ्यांपुढे येते. संस्कृतात मात्र पोत म्हणजे जहाज. हा केवळ शब्दांचा योगायोग. पण ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्याच भोसल्यांच्या राजाने मराठ्यांचे आरमार उभारले. तेव्हा बालाघाटावरच्या आम्हां कोरड्या माणसांनी समुद्रावरील दिव्यांची चौकशी केली, तर नवल नाही.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची झुंज झाली, ‘डोव्हर’ नावाची त्यांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. पुस्तके या लढाईतच रमतात. माझ्या मते खरा निकाल रात्रींनी लावला. मराठ्यांच्या लहान, हलक्या होड्या माणसे व सामान घेऊन अंधारात इंग्रजी जहाजांना चुकवीत आणि बेट गाठीत. दिवा नसणे हेच त्यांचे चिलखत होते. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

पुढे आगबोट आली आणि काळोखाचा अर्थ पालटला. वाऱ्याची वाट न पाहता वेगाने येणारे हे धूड कोणीकडे वळते आहे, हे समोरच्याला कळावे कसे? १८४८ साली इंग्लंडने आगबोटींना उजवीकडे हिरवा, डावीकडे तांबडा व डोलकाठीवर पांढरा दिवा सक्तीचा केला. १८५८ मध्ये शिडाच्या जहाजांनाही दोन बाजूंचे दिवे आले. १८६७ साली खुद्द खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. आज जगभर चालतात ते १९७२ चे नियम, १९७७ पासून अमलात आलेले.

या दिव्यांची लिपी मोठी सुबोध आहे. नुसता तांबडा दिसला तर जहाजाची डावी कूस आपल्याकडे आहे, ते आपल्या डावीकडे चालले आहे. नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. दोन्ही एकदम दिसले तर ते थेट अंगावर येते आहे! उंचावर दोन पांढरे दिवे, पुढचा खाली व मागचा वर, ही मोठ्या जहाजाची खूण. पांढऱ्यावर हिरवा दिवा असेल तर ट्रॉलर जाळे ओढीत आहे. पांढऱ्यावर तांबडा असेल तर मासेमारी दुसऱ्या प्रकारची. पांढरा वर आणि तांबडा खाली, हा मात्र वाटाड्या. उलटापालट झाली की अर्थ बदलला.

घोटाळा होतो तो एकट्या पांढऱ्या दिव्याचा. ती दूर जाणाऱ्या जहाजाची पिछाडी असेल, नांगरलेली बोट असेल, किंवा एखाद्या कोळ्याची होडी असेल. त्यात माशांना भुलविण्यासाठी प्रखर एलईडी दिवे लावले, की त्या झगमगाटात खुणेचे दिवे बुडून जातात. अशा मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, ती मुख्यतः माशांच्या काळजीने.

आणि सात मीटरांहून लहान शिडाच्या होडीला, बाजूचे दिवे लावणे शक्य नसेल तर, नियमाने एवढेच सांगितले आहे: विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी असावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवावा. मालवाहू जहाजाच्या उंच माचीवरून तो कंदील किती आधी दिसेल, हे होडीतल्या माणसाला कळण्याचा उपाय नाही.